दहा हजारावं टोकन

"ताई, ऊस माझा, ट्रॅक्टर माझा, अन् चिठ्ठीवर माझं नावच न्हाई व्हय?"

वजनकाट्याच्या खिडकीतून चिठ्ठी आत आली. टोकन १००००, वजन बरोबर. नावाची जागा कोरी.

मी तेव्हा श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात प्रोग्रॅमर होते. काट्याचा प्रोग्रॅम मीच सी भाषेत लिहिलेला. पहिलाच हंगाम.

"प्रिंटरची रिबन गेली असेल," यार्ड सुपरवायझर काळेसाहेब म्हणाले.

रिबन ठीक होती. पुढच्या चिठ्ठीवरही नाव नाही. बाहेर हॉर्न सुरू झाले.

"पेनाने लिहू का?" मी विचारलं.

"पेनाने लिहिलेल्या नावांवरून मारामाऱ्या झाल्या, म्हणून तर तुमचा कॉम्प्युटर आणला, मॅडम. मिलच्या तोंडाशी गव्हाणीत वीस मिनिटांचा ऊस आहे. संपला की मिल बंद. मग एमडींना तुम्हीच सांगा."

मी प्रोग्रॅम उघडला. कॉम्प्युटरला १०००० ही एक संख्या असते. छापायची तर तिची सुटी अक्षरं करावी लागतात. itoa नावाचं फंक्शन ते करतं, पण जागा आपण द्यायची. अक्षरं संपल्याची खूण म्हणून ते शेवटी आणखी एक घर वापरतं. मी दिली होती पाच घरं: चार आकडे आणि खूण. पाचवा आकडा आला आणि खूण शेजारच्या घरात गेली. तिथे नावाचं पहिलं अक्षर होतं. म्हणजे नाव सुरू होण्याआधीच संपलेलं.

टोकन रोज एकपासून सुरू होतं, असं मी धरून चालले होते. खरं तर ते मोळीपूजनापासून हंगाम संपेपर्यंत चालतं. यार्डात सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या शहरी मराठीला हसतील म्हणून मी कोणाला विचारलंच नव्हतं.

काळेसाहेब अजून प्रिंटरलाच शिव्या देत होते. गप्प राहता आलं असतं.

"साहेब, प्रिंटर चांगला आहे. चूक माझी आहे. काटा दहा मिनिटं थांबवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "आठ."

पाचाची दहा घरं केली. कंपाइल केलं. १०००० टाकून पाहिलं, मग ३२०००. नाव आलं. मिल थांबली नाही.

शेतकऱ्याने नवी चिठ्ठी उन्हात धरून अक्षर न् अक्षर वाचली. "आता हाय."

तेव्हापासून कोणताही प्रोग्रॅम लिहिण्याआधी मी विचारते, मोजणी पुन्हा एकवर कधी येते? साहेबांना नाही. रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरला.