पहिल्याला जाऊ द्या

आमच्या ग्रुपचे किस्से असे की एक सांगायला घ्यावा तर मागचे दोन ढकलाढकली करत पुढे येतात. साकोलीत हायवेला लागून प्रशांतचं मोबाइल रिपेरिंगचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की तो आणि मी तिथे बसून फोनवर लढाईचा गेम खेळतो. आमचा तिसरा भिडू विलास. तो गावाहून खेळतो, धानाच्या शेतातल्या मचाणावरून. रेंज तिथेच मिळते!

हल्ला करणं आम्हाला कधी जमलंच नाही. गवतात सैन्य लपवायचं आणि शत्रू येईपर्यंत दबून बसायचं, एवढंच आमचं काम. त्यातला नियम प्रशांतचा. "पयल्याले जाऊ द्या. तो नुसता पाहाले येते. मांगचा बेसावध असते, त्याले धरा!"

ऐकायला सोपं वाटतं. पण शत्रूची पहिली गाडी नाकासमोरून जाताना माझे तर तळहात ओले होतात. एकदा घरी खेळत होतो. बायकोने मागून खांद्यावर हात ठेवला आणि मी असा किंचाळलो की शेजारचे काका काठी घेऊन धावत आले!

*

एकदा ऐन वेळी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. "स्क्रीन गार्ड आहे का?"

प्रशांतने मान वर न करता कुजबुजून सांगितलं, "दबून बसा!"

तो बिचारा खरंच काउंटरमागे आमच्या शेजारी उकिडवा बसला. घाबरून आम्हालाच विचारतो, "कोन येऊन राहिलं भाऊ?"

*

पण विलाससारखा भित्रा नाही. पान हललं की याची तोफ सुरू! एकदा शत्रूचा पत्ता नसताना त्याने सगळा दारूगोळा एका झुडपावर संपवला.

"काहून फोडलं बे?" प्रशांत चिडला.

"मले भेव लागते ना भाऊ!"

तेव्हापासून सापळा वेळेआधी उधळला की आम्ही म्हणतो, 'विलास झाला'.

*

गेल्या हंगामात धान कापायला आलं होतं तेव्हाची गोष्ट. दुपारी आम्ही तिघं खेळत होतो. हेडफोनमध्ये विलास कुजबुजला, "गवत हालून राहिलं."

"हालू दे," प्रशांत म्हणाला. "पयल्याले जाऊ दे."

"पयला तं गेला."

"मंग दम धर. मांगचा येऊ दे."

"येऊनच राहिला ना बे..." त्याचा आवाज रडवेला झाला होता.

मी स्क्रीनकडे बघितलं. विलासची तुकडी पुलावर उभी होती. तिथे गवताची काडीही नव्हती.

"विलास, कोनतं गवत?"

"वावराच्या बांधावरचं, धुऱ्यावरचं. वाघ दबून बसला हाये त्याच्यात. पयला मीच गेलो ना त्याच्या बाजूनं! आता मांगून बाबा येऊन राहिला, चहाची किटली घेऊन."

त्याचे बाबा फोन वापरत नाहीत. प्रशांत ताडकन उभा राहिला. ज्या गोष्टीसाठी विलासला इतकी वर्षं शिव्या दिल्या, तीच तो जिवाच्या आकांताने ओरडला, "फोड विलास! फोड!"

हेडफोनमधून विलासची बोंब आली. मग पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज. मग काहीच नाही. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो.

बऱ्याच वेळाने लांबून बाबांचा आवाज ऐकू आला.

"काहून बोंबलून राहिला रे पोट्ट्या? चहा सांडला ना!"