दोन पिवळे स्क्रू

सर्व आप्तेष्टांना, मित्रांना आणि विश्वातल्या समस्त अणूंना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, त्यांना एका रांगेत उभं करणारा माणूस आता राहिलेला नाही. तरी अणूंनी यापुढे हवं तिकडं तोंड करून उभं राहावं... साताऱ्याहून वहिनींचा फोन आला, सुधाकरदादा गेले म्हणाल्या, आणि फोन ठेवता ठेवता माझ्या डोक्यात ही घोषणा तयार झाली. मी असाच आहे. रडू यायच्या आधी मला विनोद सुचतो. त्याला आता दीड महिना झाला. रडू नंतर आलं, पण त्याचं कारण वेगळं होतं, आणि तेच सांगायला बसलोय.

दादा माझे मावसभाऊ, मूळचे पलूसचे, निवृत्तीनंतर साताऱ्याला राहिलेले, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. लांबच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर एकच उद्योग केला. अणूच्या पोटातलं केंद्रक म्हणजे एक बारीकसं लोहचुंबक. एरवी ही केंद्रकं आठवडी बाजारातल्या गर्दीसारखी कुठंही तोंड करून असतात. पण कल्पनेपलीकडच्या थंडीत नेऊन त्यांच्याभोवती मोठं चुंबक लावलं, की परेडला उभ्या राहिलेल्या जवानांसारखी एका दिशेला वळतात. मग त्यातलं एकेक फुटताना आतला कण, ज्याला बीटा म्हणतात, तो वर जास्त जातो की खाली, हे मोजायचं. त्यावरून त्या इवल्याशा चुंबकाची ताकद कळते आणि फुटण्याची रीतही. एका सुट्टीत दादा हे माझ्या मावशीला, म्हणजे स्वतःच्या आईला, समजावत होते. मी मधेच भाषांतर केलं, "मावशी, रांगेतला जवान कुठल्या बाजूला थुंकतोय ते बघत्यात." मावशी लेकाकडं बघून म्हणाली, "थुकी मोजाय येवढा शिकलास व्हय रं?" दादा इतके हसले की बशीतला चहा सदऱ्यावर सांडला.

माझी कुपवाडला लेथची शेड आहे. दादांच्या प्रयोगशाळेत कारागीर होते, तरी नमुना ठेवायची तांब्याची बैठक त्यांनी एकदा हौसेनं माझ्याकडून करून घेतली. अट एकच. "बंड्या, लोखंडाचा कणसुद्धा नको. स्क्रू सहाच्या सहा पितळेचे." माझ्याकडं पितळेचे चारच निघाले. सांगलीला जाऊन दोन आणायचे, अर्ध्या तासाचं काम. पण मित्रांबरोबर पाचगणीला जायचं ठरलं होतं आणि बाहेर गाडी उभी होती. फळीवर पिवळ्या मुलाम्याचे लोखंडी स्क्रू पडलेले, दिसायला पितळेचे सख्खे भाऊ. दोन लावले, पुसून चकचकीत केले. दादांनी ती बैठक दोन्ही हातांत धरून फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाले, "देखणं काम हाय गड्या."

चार महिने त्यांचा प्रयोग सुधरेना. नमुना गरम असताना रांग मोडलेली असते, तेव्हा वर आणि खाली कण सारखेच यायला हवेत. ते येईनात. ते दोन लोखंडी स्क्रू मोठ्या चुंबकाच्या ओढीला वाकडं वळण देत होते आणि कण वाट चुकत होते. दादांनी यंत्रं उघडली, तारा बदलल्या, स्वतःची गणितं पहिल्यापासून केली. माझ्या बैठकीवर संशय घ्यावा हे काही त्यांच्या मनात आलं नाही. शेवटी एका सहकाऱ्यानं सहज हातातलं चुंबक जवळ नेलं, ते टक्कन स्क्रूला चिकटलं. दादांचा फोन आला, "बंड्या, दोन स्क्रू लोखंडाचे निघाले रं." मी श्वासही न घेता म्हणालो, "दुकानदारानं फसवलं, दादा." वर, आमच्या दोन्ही घरांचं सामान ज्याच्याकडून यायचं, त्या सांगलीच्या दुकानदाराचं नावही घेतलं. "तरीच," दादा म्हणाले. त्यांना हायसं वाटल्याचं मला फोनवर ऐकू आलं... पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी दोरीत बांधलेलं लोहचुंबक आणलं. "माल घेताना लावून बघत जा. तू भोळा हायस."

ते चुंबक माझ्या लेथशेजारी खिळ्याला टांगलेलं असतं. लग्नाकार्यात मी ही गोष्ट साभिनय सांगायचो. मिशीला पीळ देत पितळ म्हणून लोखंड खपवणारा दुकानदार तर असा वठवायचो की बायका हसून हसून डोळे पुसायच्या. दादा पहिल्या रांगेत बसून प्रत्येक वेळी तितकंच हसायचे. आज घरी जाताना खरं काय ते सांगू, असं मी प्रत्येक लग्नात ठरवायचो.

तेराव्याला साताऱ्याला गेलो. दादांच्या टेबलावर तसलंच दुसरं चुंबक होतं, आणि त्याला चिकटलेले ते दोन पिवळे स्क्रू. मुलामा एका बाजूनं उडाला होता. "आल्यागेल्याला दाखवायचे," वहिनी म्हणाल्या, "आमचा बंड्या कसा फसला म्हणून." तेवढ्यात कुणी तरी म्हणालं, बंडूभाऊ, ती गोष्ट होऊन जाऊ द्या, दादांना आवडायची. मी उभा राहिलो. सवयीनं हात मिशीकडं गेला आणि तिथंच थांबला. "वहिनी," मी म्हणालो, "दुकानदाराचा काही संबंध नाही. मी त्या दिवशी दुकानात गेलोच नव्हतो. ते स्क्रू मी लावले."

वहिनी त्या स्क्रूंकडं बघत राहिल्या, आणि मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आवं भावजी, मग त्या माणसाच्या दुकानाची पायरी ह्यांनी मरस्तोवर चढली न्हाई, त्याचं काय करायचं आता?"