दीडावर थांबलेला काटा

ज्ञानेश्वरीला सासरी कुणी कधी ‘नाही’ म्हटलं नाही. सोनईतल्या बायकांना याचा फार हेवा वाटायचा. सासू बनुबाई ‘बरं’ म्हणायच्या, नवरा सुनील ‘बरं, बघू’ म्हणायचा, आणि त्या ‘बरं’चं पुढं काय व्हायचं ते गोठ्यातल्या गाईंनाच ठाऊक.

नगरला डिप्लोमा करताना तिनं हौशी रेडिओचं लायसन काढलं होतं. मोबाईलच्या टॉवरशिवाय, स्वतःच्या सेटवरून दूरच्या माणसाशी बोलायचा सरकारी परवाना. लग्न ठरलं तेव्हा सासरी त्याचं कोण कौतुक! लायसन फ्रेम करून बैठकीत लागलं, सासऱ्यांना दूध डेअरीनं दिलेल्या सन्मानचिन्हाशेजारी. पाहुण्यांनी विचारलं, ‘मग बोलती का कुनाशी?’ तर बनुबाई म्हणायच्या, ‘बोलंल की. घाई काय हाय?’

घाई आता झाली होती. कोपरगावचे विष्णुपंत, शाळेतून निवृत्त झालेले, दर रविवारी सकाळी रेडिओवर जिल्ह्यातल्या हौशी मंडळींची हजेरी घेत. नगरच्या एका कॉलेजला रेडिओ शिकवायला माणूस हवा होता आणि नाव सुचवायचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांची अट साधी होती. जी रेडिओ शिकवणार, तिचा आवाज आधी रेडिओवर ऐकू यावा. नाव कळवायच्या आधीचा शेवटचा रविवार उजाडला होता. रोज सकाळी एसटीनं नगर, संध्याकाळी परत; ज्ञानेश्वरीच्या लेखी तो पगारापेक्षा मोठा ऐवज होता. तिनं घरात विचारलं होतं. दोघंही ‘बरं’ म्हणाले होते.

अँटेनासुद्धा अशाच बऱ्याबोलानं उभी राहिली होती. घरासमोर खांब नको, पाहुणे काय म्हणतील, म्हणून गोठ्यापलीकडं उसाच्या कडेला लोखंडी पाईप रोवला आणि त्यावरून दोन्ही बाजूंना तांब्याची तार ताणली. सेट मात्र बैठकीत. मधल्या अंतराला केबल लागणार होती. नवी आणायची म्हटल्यावर बनुबाईंनी घरचा कायदा सांगितला: घरातलं संपल्याबिगर बाहेरचं आणायचं न्हाई. धाकट्या दिराचा टीव्ही-केबलचा धंदा बुडाला तेव्हाचे तुकडे माळ्यावर पडून होते. सुनीलनं ते एकाला एक जोडले, चिकटपट्टी गुंडाळली आणि गोठ्याच्या नालीतून नीट बुजवून नेले. बुजवण्यात तो हुशार होता. पाइपाला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि ज्ञानेश्वरीनं सेटजवळचं मीटर बघितलं.

या मीटरला एकच काम. सेटनं पाठवलेल्या लहरींपैकी किती अँटेनातून बाहेर पडल्या आणि किती तशाच माघारी आल्या, ते सांगायचं. काटा एकावर असला तर माघारी काही नाही. तीनच्या पुढं गेला तर सेटलाच धोका. काटा दीडावर थांबला. ज्ञानेश्वरीला इतका आनंद झाला की तिनं शिरा केला. दीड म्हणजे उत्तम.

उत्तम असून कोपरगावला काही ऐकू जात नव्हतं. मागच्या रविवारी तिला सगळ्यांचे आवाज आले, बारीक पण आले. तिनं घसा सुकेस्तोवर हाका मारल्या, आणि विष्णुपंत तिचं नाव दोनदा पुकारून पुढं गेले. आपल्याच मयताला बसल्यासारखं तिनं ते ऐकलं.

या रविवारी तिनं हजेरीआधीच त्यांना मोबाईलवर गाठलं. काटा दीडावर आहे म्हणाल्यावर विष्णुपंतांनी केबल कुठली, कशी नेली ते विचारलं. मग त्यांनी पाटाचं उदाहरण दिलं. पाटानं पाणी सोडलं आणि वावराचं दार बंद असलं, की पाणी फुगून मागं येतं. मागं येत नाही याचा अर्थ वावरात गेलं, असं आपण धरून चालतो.

“आणि पाटच फुटका असला तर?” ज्ञानेश्वरीनं विचारलं.

“तर मागंही येणार नाही,” विष्णुपंत म्हणाले. “अँटेना सोडवून बघा, बाई. सगळंच माघारी येऊन काटा आभाळाला टेकला पाहिजे.”

ती गोठ्यापलीकडं गेली, केबलचं टोक अँटेनापासून सोडवलं, परत येऊन सेटचं बटण दाबलं. आता केबलच्या टोकाला काहीसुद्धा नव्हतं. काटा दीडावर.

ती बघत राहिली. गोठ्याच्या नालीतलं पाणी त्या जोडांत कधीचं मुरलं असणार. तिनं पाठवलेलं सगळं तिथंच, शेणामुताखाली, केबल कोमट करण्यात खपत होतं. माघारी काही येत नव्हतं, कारण पलीकडं काही पोचतच नव्हतं. आपण या घरातून उठून गेलो तरी ‘बरं’ असंच ऐकू येत राहील, असं तिच्या मनात आलं.

हजेरी सुरू व्हायला वेळ नव्हता. तिनं ट्रॅक्टरची बॅटरी काढली, सेट आणि मीटर काखेत घेतलं आणि पाइपाच्या बुडाशी बांधावर बसली. हातभर चांगल्या वायरनं सेट थेट अँटेनाच्या खाली उतरलेल्या टोकाला जोडला. काटा उडून तीनाला भिडला. वाईट होता, पण खरा होता. सेट जळू नये म्हणून तिनं ताकद कमी केली आणि नाव पुकारल्यावर ओ दिली, काटा तीनावर असल्याचंही सांगितलं.

“बारीक आहे,” विष्णुपंतांचा आवाज आला, “पण आहे. तार लांब झाली असणार, थोडी कापा. नाव कळवतो तुमचं. ओव्हर.”

बॅटरी शोधत सुनील बांधावर आला. तिनं त्याला बसवून घेतलं. बोलावणं आलं की सकाळच्या एसटीनं जाणार, सकाळची धार त्यानं काढायची, हे तिनं सांगितलं. तो सवयीनं तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, “बरं म्हनू नका. व्हय म्हना न्हाई तर न्हाई म्हना.”

सुनीलनं उसाकडं बघितलं, बॅटरीकडं बघितलं. घराच्या दिशेनं बघितलं, तिथून बनुबाई चहाला हाक मारत होत्या.

“न्हाई,” तो म्हणाला. “आईला न्हाई चालायचं. मलाबी धार जमत न्हाई.”

लग्नानंतरच्या सहा वर्षांत पहिल्यांदा त्या घरातून काहीतरी माघारी आलं होतं. ज्ञानेश्वरीला रडू यायला हवं होतं. तिनं फक्त मान हलवली. धार जमत नाही, हे तरी कळलं. तिनं कमरेची पक्कड काढली.

“ते तारेचं टोक धरा,” ती म्हणाली. “थोडं थोडं कापून बघू. धार बी जमंल.”

सुनीलनं टोक धरलं. ‘बरं’ म्हणाला नाही.