हळद लागलेली गिटार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं आणि थेट टेबलाकडं धावलो. टेबलावर ठेवलेल्या गिटारच्या फिक्या लाकडावर हळदीची पाच बोटं उमटली होती. मधोमध कुंकू. वर झेंडूचं फूल.

गिटार अजून कच्ची होती. म्हणजे घासून गुळगुळीत केलेली, पण छिद्रं बुजवणारा सीलर नाही, पॉलिश नाही. अशा लाकडाला कुणाचा घामाचा हात लागला तरी मी अंगावर धावून जातो. इथं तर साग्रसंगीत पूजा झालेली.

जालन्यात अंबड रोडवर माझं वर्कशॉप आहे. बरीच वर्षं फर्निचर केलं, हार्मोनियम दुरुस्त केल्या आणि मग या वयात गिटारचा नाद लागला. ही इलेक्ट्रिक गिटार माझी पहिली कस्टम ऑर्डर. कस्टम म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापानं आणि मर्जीनं बनवलेली. गिऱ्हाईक होते बोराडे साहेब, एका बियाणे कंपनीतले क्वालिटी मॅनेजर. मूठभर दाण्यात एक वेगळा दिसला की अख्खा लॉट परत पाठवणारा माणूस.

लाकूड त्यांनीच आणलं होतं. घनसावंगीकडं त्यांच्या शेताच्या बांधावर आंबा होता. वादळात पडला. त्याच्या खोडाला रांजणाएवढी गाठ होती. अशा गाठीला आमच्या धंद्यात बर्ल म्हणतात. झाडाला कुठं इजा झाली की तिथं लाकूड आडवंतिडवं वाढतं, रेषांचे भोवरे होतात, मधे बारीक बारीक डोळे पडतात. फर्निचरवाला अशी गाठ जळणात टाकतो. गिटारवाला तिच्यासाठी जीव टाकतो. मी तिच्यातून एकमेकीला लागून असलेल्या दोन पातळ फळ्या काढल्या आणि पुस्तक उघडावं तशा शेजारी शेजारी जोडल्या. डावी नक्षी उजवीकडं आरशात दिसावी तशी जुळली. तो जोड सागवानी बॉडीवर चिकटवला. जाडी फक्त चार मिलिमीटर. दुसरी जोडी निघणार नव्हती, कारण उरलेली गाठ आतून पोकळ होती.

साहेबांची अट एकच होती. "रंगाचा थेंब नको. आमच्याकडं बियाण्याला रंग चढवतेत, मंग आतला दाणा कसा हाय ते कोणाला दिसत न्हाई. मला झाड दिसलं पाहिजे. पॉलिशच्या आधी मी स्वतः येऊन बघणार."

ते रविवारी येणार होते. आज बुधवार.

"मामा!" मी ओरडलो.

काशिनाथमामा माझ्याकडचे सगळ्यात जुने सुतार. ते शांतपणे रंध्याचं पातं घासत बसले होते.

"हे काय केलं?"

"पूजा केली. फोनवर तुम्हीच म्हन्ले, एक बी मशीन सोडू नका."

म्हणालो होतो. सणाला मी सासरवाडीला, हसनाबादला होतो. आदल्या वर्षी लाकडात खाचा पाडायच्या राउटरला हळद लावायची राहिली आणि आठ दिवसांत त्याची मोटर जळाली. त्यावरून मी मामांना महिनाभर बोलत होतो.

"मशीन म्हणलो होतो! ही गिटार हाय!"

"वायर न्हाई का तिला? पिन न्हाई का? करंटबिगर वाजत न्हाई, हे बी तुम्हीच सांगितलं. मंग मशीनच झाली की, भाऊ."

मी फूल उचलून मामांच्या हातात दिलं.

आधी पॉलिश पेपर फिरवला. बर्लमध्ये रेषांची टोकं जागोजागी वर आलेली असतात, त्यामुळं ते लाकूड चहातल्या बिस्किटासारखं पितं. हळद खोल गेली होती. फार घासलं तर खालचं सागवान उघडं पडलं असतं. मग स्पिरिट लावलं. हळद स्पिरिटमध्ये विरघळते, हे मला तेव्हा कळलं. पाच बोटं पसरून अख्खा पिवळा पंजा झाला.

दुपारी जेवण जाईना. बायकोनं कारण विचारलं. मी सांगितलं.

"तुमच्या पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं की मी काय करते?"

"ओरडतेस."

"त्याच्यानंतर?"

"धुऊन उन्हात टाकतेस."

"मंग?"

मी खरकटा हात तसाच घेऊन उठलो.

पण शर्ट तडकत नाही, लाकूड तडकतं. ऑक्टोबरच्या उन्हात मधला जोड उघडला असता तर गिटार जळणातच गेली असती. म्हणून अर्धा तास ऊन, अर्धा तास सावली, असा हिशेब बांधला. गच्चीवर घड्याळ घेऊन मामा बसले. अपराधी माणसाइतका चोख पहारेकरी मिळत नाही. शेजारच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, "काय वाळू घातलंय हो?" मामा म्हणाले, "मशीन." काकू आत निघून गेल्या.

शनिवारी संध्याकाळी हळद गेली. खरंच गेली. जोडही शाबूत. मला नाचावंसं वाटलं. पण कुंकू उन्हाला दाद देईना. सुईनं कोरून काढलं, तरी लाकडाच्या एका डोळ्यात बाजरीच्या दाण्याएवढा लाल ठिपका राहिलाच.

रविवारी बोराडे साहेब टॉर्च आणि भिंग घेऊन आले. वीस मिनिटं भिंग लाकडावरून इंच इंच सरकत होतं. मग भिंग थांबलं.

"हे लाल काय हाय?"

मी तीन कारणं पाठ करून ठेवली होती. पहिलं तोंडातून निघायच्या आत साहेबच हळू आवाजात म्हणाले, "आईचं कुंकू असंल. आंबे उतरवायच्या आधी ती झाडाला हळदकुंकू लावायची. ह्या गाठीलाच लावायची. आता ती बी न्हाई, झाड बी न्हाई."

त्यांचे डोळे भरून आले. मी होकाराची मान हलवणारच होतो. लाज वाटते, पण हलवणारच होतो.

"न्हाई साहेब," मामा म्हणाले. "ते म्या लावलं. दसऱ्याला. हळद बी लावल्ती. ती भाऊंनी उन्हात ठेवून घालवली."

मी सीलरचा डबा उगीच इकडचा तिकडं केला. साहेबांनी टॉर्च बंद केला.

"कशापायी लावलं?"

"कामाची चीज हाय. नीट चालावी. कोणाला तिच्यापासून इजा होऊ नये."

साहेबांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

"आई बी झाडाला हेच म्हणायची," ते म्हणाले. "राहू द्या तो. त्याच्यावरूनच पॉलिश करा." मग माझ्याकडं वळले. "तुम्ही काय सांगणार होते?"

"कीड."

"कीड म्हणले असते तर लॉट रिजेक्ट होता."

या कामातून मी दोन गोष्टी शिकलो. कच्च्या लाकडाला दसऱ्याच्या आत सीलर मारून घ्यावा. आणि गिऱ्हाईक आलं की आधी मामांना बोलू द्यावं.