तोंडातली गोळी

माणूस मेलं की लोक म्हणतात, फार चांगलं होतं हो. माझी आत्या काही चांगली नव्हती. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत जाईबाई नळावर आली की बायका आपापल्या घागरी बाजूला घ्यायच्या. भांडायला लागली की समोरचीच्या सात पिढ्या काढायची. नवरा शिवा तिच्यापुढे चकार शब्द काढत नसे.

गिरणीत ती सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. तिथली नायकीण राधाबाई, मालवणकडची. बायकांना कामावर घेणारी तीच आणि काढणारीही तीच. पाण्याचा माठ तिच्या ताब्यात. आत्याला तहान लागली की ओंजळ करून उभं राहायचं आणि नायकीण हातभर वरून ओतायची, अर्धं पाणी पायावर. शिवाला मागावर काम हवं होतं, तिथे पगार बरा. राधाबाईचा भाऊ तिथला जॉबर, म्हणजे मुकादम, त्याने शिवाला हाकलून दिलं. धोट्यातलं सूत विणकर तोंडाने ओढून घेतो, तुमचं तोंड लागलेलं सूत आमची माणसं कशी ओढणार, म्हणे. छप्पन साली आम्ही बुद्धाला शरण गेलो, घरातले देव माहीमच्या खाडीत सोडले. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात आत्या आणि नायकीण एका रांगेत ओरडत गेल्या. मुंबई म्हणे सगळ्यांची. माठ मात्र नायकिणीचाच राहिला.

अठ्ठावन्न साली आत्याचं पोट फुगलं. परळच्या इस्पितळात सांगितलं, अंडाशयाचा कॅन्सर आहे. पोटात पाणी भरतं, ते सुईने काढायचं, की पुन्हा भरतं. वॉर्डात खाट मिळाली, तर शेजारच्या खाटेवर कोण? राधाबाई नायकीण. तोच रोग, तसंच पोट.

डॉक्टर म्हणाले, परदेशातून नवी गोळी आली आहे. गुण येतो की नाही ते बघायचं, म्हणून निम्म्या बायकांना गोळी द्यायची आणि निम्म्यांचं नुसतं पाणी काढायचं. कोणाला काय, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार.

मी म्हटलं, "आणि जिला नाही मिळाली तिने काय, बघत बसायचं?"

"कळायचं तर तसंच कळतं, बाई," डॉक्टर म्हणाले.

आत्याला गोळी निघाली. राधाबाईला नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. नायकिणीला वाटलं, ही चिठ्ठी गिरणीतल्या भरतीसारखीच, आतून ठरते. "माझा काय तरी बघा," म्हणून डॉक्टरांच्या मागे लागली आणि बोलणी खाऊन गप्प बसली.

महिन्याभरात आत्याचं पोट उतरलं. भाकरी मागून खायला लागली. नायकीण तशीच फुगलेली. एका दुपारी मी डबा सोडत होते, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बोलली, "जाये, एक दिस तुझी गोळी माका दी गो."

"सिस्टर समोर उभी राहून गिळायला लावते," आत्या म्हणाली. "द्यायची तर माझ्या तोंडातली काढून. चालंल?"



दुसऱ्या सकाळी आत्याने गोळी गालात दाबून धरली. सिस्टर पुढच्या खाटेला गेल्यावर तळहातावर काढली. थुंकीने ओली झालेली. हात पुढे करून म्हणाली, "घे." राधाबाईने वॉर्डभर नजर फिरवली, गोळी उचलली आणि पदराला न पुसता तोंडात टाकली. आत्या हसली. तिला हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, जिरवली, झालं. पण नायकिणीने पुन्हा मागितली आणि हिने पुन्हा दिली. आधी एक दिवस तिला, एक दिवस स्वतःला. मग रोज तिलाच.

मी भांडले. "अक्कल गहाण टाकलीस काय? मरशील."

"मरंन. ती रोज खाते ते बघायचंय मला."

"अगं, तिला जगवतेयस तू!"

"ते तिला कळतंय ना? मग जन्मभर पुरंल."

सिस्टरला सांगते म्हटलं, तर म्हणाली, "सांग. दोघींची बंद होईल." मी दातओठ खात घरी आले.

पावसाळ्यात आत्या गेली. नायकीण आपल्या पायांनी घरी गेली. बाकीच्या बायकांचंही धड काही कळत नव्हतं, त्यात हे पाहून डॉक्टरांनी हातच झटकले. जिला दिली ती मेली, जिला नाही दिली ती बरी झाली, या गोळीत दम नाही, बंद करतो, म्हणाले. आत्याच्या खाटेवर तेव्हा आमच्याच चाळीतली रखमा आली होती, कुशाबाची बायको. तिशीची पोर, तोच रोग. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं.

ते हसले. "राधाबाईने? जाईबाईच्या तोंडातली? बाई, पटेल असं काहीतरी सांगा."

"तिने स्वतः येऊन सांगितलं तर?"

"तर बघू."

म्हणून मी लालबागला तिच्या खोलीवर गेले. नायकीण दारात आली, मागे दोन सुना. मी म्हटलं, "नायकीणबाई, माझ्या आत्याची गोळी तुम्ही खाल्लीत, एवढंच डॉक्टरांना सांगा. रखमाला चालू करतील. वाचेल ती."

"कसली गोळी?" ती म्हणाली. "माका काय ठाऊक नाय."

"तिच्या तोंडातली. रोज खात होतात."

सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. नायकीण आत गेली, पितळेचा लोटा घेऊन आली. "उन्हातनं आलीस, डोकं फिरलंय तुझं. पाणी पी," म्हणाली आणि लोटा हातभर वर धरला, ओतायला.

मी ओंजळ केलीच नाही. लोटा तिच्या हातातून ओढून घेतला, तोंड लावून प्यायले आणि परत तिच्या हातात दिला. मी जिन्याशी आले तेव्हा धाकटी सून तो लोटा शुद्ध करायला चुलीतल्या विस्तवात घालत होती. सासूला कुठे घालणार होती?

रखमा गोळीविना दिवाळीच्या आत गेली. नायकीण पुन्हा कामावर जायला लागली आणि महाराष्ट्र झालेला बघूनच मेली. माठ शेवटपर्यंत तिच्याच ताब्यात होता.