आमच्या होस्टेलातले पाहण्याचे पोहे

किस्से मला गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. सुटीच्या दिवशी अमरावतीला घरी जाते, नवऱ्याला दोन सांगून हलकी होते, आणि परत येईपर्यंत चार नवे तयार! नांदगाव पेठेजवळच्या एका ज्येष्ठ नागरिक निवासाची मी मॅनेजर. पाटीवर तेच नाव आहे, पण इथं राहणारा एकही माणूस ते उच्चारत नाही. सगळे म्हणतात, होस्टेल!

हे बारसं नानाजींनी केलं. नानाजी अंजनगाव सुर्जीचे, जन्मभर पानमळा सांभाळला, आता तो पुतण्या बघतो. नानाजी इथं आल्या आल्याच त्याचा फोन. "नानाजी, घरी कवा येता?"

"पास झालो का येतो!"

फोन ठेवून माझ्याकडे वळले. "आन् अभ्यास कोन करून राह्यलं इथं?"

*

दुसरे शामराव. एसटीत कंडक्टर होते. आपण रिटायर झालोय हे त्यांच्या गुडघ्यांना समजलं, आवाजाला अजून नाही.

हॉलमध्ये मोठा कूलर एकच. मे महिन्यात त्याच्यासमोरच्या खुर्च्यांवरून रोज दुपारी भांडण. मी मीटिंग घेतली, गोडीनं सांगितलं, रागावले. कोणी ढिम्म हलेना. मग शामराव उठले. "चला, पुढं सरका! मागं जागा हाये! अर्ध्या घंट्यानं सीट बदली!"

सगळे निमूट सरकले. नानाजींनी तेवढ्यात मोक्याच्या खुर्चीवर दुपट्टा टाकून ठेवला. शामरावांनी दोन बोटांनी उचलून परत दिला.

"रुमाल टाकून सीट धरता येत नाही जी. एसटी हाये हे, तुमचा पानमळा नोहे!"

*

या दोघांना धाक फक्त सुलोचना सिस्टरांचा. अकोल्यात सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सकाळची बुद्धवंदना आटोपली की त्यांचा राऊंड सुरू. पगार नाही, ड्युटी नाही, तरी राऊंड चुकत नाही!

एकदा शामराव गोळीवर अडून बसले. "मले काहीच होऊन नाही राह्यलं. गोळी काहून खाऊ?"

सिस्टर अजिबात चिडल्या नाहीत. "नका खाऊ. फक्त तो पांढरा सदरा इस्त्री करून ठेवा. लोकं येतीन पाहाले, बरं दिसलं पाहिजे."

शामरावांनी गोळी पाण्याशिवाय गिळली.

*

आता आमच्या पोह्यांबद्दल सांगते. इथं नवीन माणूस यायचं ठरलं की कागदपत्रं मी बघते, पण माणूस ही मंडळी बघतात. मुलगी पाहतात ना, अगदी तसा कार्यक्रम! नानाजी म्हणतात, "मानूस पाह्यल्याबिगर घरात घ्याचा कसा?" मग पोहे, चहा, प्रश्न. शेवटी ठरलेलं वाक्य, "आमी विचार करून कळवतो." पाहुणा बिचारा चेहरा पाडून गेटपर्यंत जातो, आणि व्हरांड्यातून सिस्टर हाक मारतात, "सोमवारी या, बिछाना घेऊन!" आजवर नकार कोणालाच नाही. पण तेवढं चालवायचं म्हणजे चालवायचंच.

एक रिटायर्ड साहेब आले. पोह्यांची बशी हातात घेऊन तडकलेच. "माझा इंटरव्ह्यू घेताय?"

"इंटरव्यू नोहे साहेब, पाहाचा कार्यक्रम हाये. घोरता का?" नानाजींनी विचारलं.

"मुळीच नाही!"

"कोनी सांगतलं?"

साहेबांनी बशी खाली ठेवली. "सांगायला घरी आहे कोण? एकटाच असतो मी."

"मंग आता आमी सांगू!" नानाजी म्हणाले. त्या दिवशी सिस्टरांनी साहेबांना गेटपर्यंत जाऊच दिलं नाही.

*

गेल्या महिन्यात सिस्टरांचा मुलगा राहुल पुण्याहून आला, आईला परत न्यायला. पूर्वी त्या त्याच्याकडेच होत्या. घर अपुरं पडायला लागलं म्हणून इथं आल्या. आता सुनेला नोकरी लागली, नात लहान, घरी कोणीतरी हवं. सिस्टरांचा जीव त्या नातीत, आणि आमचा सगळ्यांचा सिस्टरांमध्ये. मला तर सकाळपासून रडू येत होतं.

"आई आहे त्याची, आपण कोण अडवणार?" मी म्हणाले.

"अडवून कोन राह्यलं?" नानाजींनी टोपी सारखी केली. "पोरगी मागाले आले ते. पाहू तं द्या!"

राहुलला पाहुण्याच्या खुर्चीत बसवलं. हातात पोहे दिले. समोर सगळे ओळीनं बसले. सुरुवात शामरावांनी केली.

"घर किती खोल्याचं?"

"टू बीएचके आहे, काका."

"त्यातली सिस्टरची खोली कोनती?"

राहुल चाचरला. "सध्या हॉलमध्ये... सोफा-कम-बेड आहे."

"आन् पोट्टी मोठी झाली, दिवसभर शाळेत जाऊ लागली, मंग काय?" नानाजींनी विचारलं.

"मग... बघू," राहुल पोह्यांकडे बघत म्हणाला.

सिस्टर चहा घेऊन आल्या. लेकापुढे कप ठेवला, त्याच्या केसांवरून हात फिरवला, आणि येऊन नानाजींच्या शेजारी, आमच्या ओळीत बसल्या.

"आई, मग तिकीट काढू ना?"

सिस्टरांनी पदर सावरला. "आमी विचार करून कळवतो."

राहुल चहा संपवून उठला, सगळ्यांच्या पाया पडला आणि गेटकडे निघाला. सिस्टर व्हरांड्यात गेल्या. आम्ही सगळे श्वास रोखून. नानाजींनी तर डोळेच मिटून घेतले.

"राहुल!"

तो वळला.

"सुट्ट्या लागल्या का पोट्टीले घेऊन ये! आमाले तिले पाहाचं हाये!"