गयावहिनींना मी सांगितलेला कायदा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलापाशी नाही, ज्यांच्यासोबत वसमतच्या कोर्टात उभी हयात काढली त्या वकील मित्रांपाशीही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

दर वर्षी संविधान दिनाला मला एखाद्या कॉलेजात भाषणाला बोलावतात. विषय ठरलेला, आणीबाणी आणि नागरिकांचे हक्क. मीही ठरलेलंच बोलतो. आणीबाणी लागली आणि बोलण्याचं, जमण्याचं स्वातंत्र्य कसं गळून पडलं; बाकीच्या हक्कांसाठी कोर्टाची पायरी चढायची वाटच राष्ट्रपतींच्या आदेशानं कशी अडवली गेली. हक्क घटनेत होते, पण मागायचे कुणाकडे? मग मी दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयावर घसरतो. विनाचौकशी डांबलेल्या माणसाला दाद मागता येणार नाही, असं त्यांनी म्हटलंच कसं? माझा आवाज चढतो. पोरं टाळ्या वाजवतात. हार-शाल घेऊन मी घरी येतो, आणि त्या दिवशी मला जेवण जात नाही.

कारण तो निकाल दिल्लीच्या आधी मी दिला होता. काही महिने आधी — वसमतला, माझ्या पत्र्याच्या ऑफिसात.

नीट सांगतो. सांगायला हवं.

माझं गाव हट्टा. लिंबाजीदादा माझ्याहून बराच मोठा, आमच्याच बौद्धवाड्यातला. शेतमजुरी करायचा, आणि मजुरांची मजुरी थकली की सगळ्यांना घेऊन तहसीलच्या दारात बसायचा. मी वाड्यातला पहिला वकील. त्याला माझा कोण अभिमान! कुणाचं साधं बांधावरून वाजलं तरी म्हणायचा, थांबा, आपला वकील हाय. आणीबाणी लागली आणि पहिल्याच झपाट्यात त्याला मिसा कायद्याखाली उचललं, नागपूरच्या तुरुंगात नेलं. गुन्हा काय, खटला कधी — काही नाही. त्याला दमा होता.

थंडी पडायच्या सुमारास गयावहिनी, त्याची बायको, एका दुपारी माझ्याकडे आल्या. बाजारातून त्याच्यासाठी लोकरीचं स्वेटर घेतलं होतं. ते तुरुंगात कसं पोचवायचं, हे त्यांना विचारायचं होतं. आणि त्याला सोडवायला कोर्टात काही करता येतं का, हे.

आता हे नीट ऐका. नुकतंच परभणीच्या बार रूममध्ये एका बुजुर्ग वकिलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की नागपूरला हायकोर्ट डांबलेल्यांच्या सुटकेचे अर्ज अजून ऐकून घेतंय. तुझ्या गावच्या माणसाचा अर्ज तयार कर, तिथं माझा दोस्त उभा राहील, असंही म्हणाले होते. पण मग कागदावर माझं नाव येणार होतं. ठाण्याचा जमादार आधीच माझी चौकशी करून गेला होता. शिवाय सरकारी वकिलांच्या पॅनलवर मला घ्यायचं चाललं होतं. भीती किती होती आणि हाव किती — आता वेगळं काढता येत नाही. काढून तरी काय?

मी टेबलावरचं पुस्तक उघडलं. हो — पुस्तकसुद्धा उघडलं. पानावर बोट ठेवून वहिनींना सांगितलं, की आणीबाणीत कोर्टात जायचा हक्कच उरत नाही, कुणीच काही करू शकत नाही. त्यांना वाचता येत नव्हतं. बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या.

"म्हंजे घटनाच बंद पडली व्हय, भाऊजी? बाबांनी लिव्हलेली?"

"सध्या बंद हाय, वहिनी."

स्वेटर मी पोस्टानं पाठवलं, आणि आपण काहीतरी केलं अशी स्वतःची समजूत घातली. त्याच हिवाळ्यात लिंबाजीदादा तुरुंगातच वारला. दम लागून गेला. दिल्लीचा निकाल त्यानंतर आला. तो वाचून मला काय वाटलं असेल? हायसं वाटलं. माझं खोटं त्या दिवशी खरं झालं ना!

वहिनींनी मला कधी बोल लावला नाही. उलट वाड्यात सांगत राहिल्या, की भाऊजींनी खोट्या आशेला लावलं नाही. पण जयंतीला घटनेवर भाषण सुरू झालं की त्या उठून घरी जायच्या. पुढं गायरानात त्यांनी कसलेली जमीन गावातल्या बड्यांनी बळकावली. मुलगा कोर्टात जातो म्हणाला, तर त्याला जाऊ दिलं नाही. कोर्टात आपल्यासाठी काही नसतं, म्हणाल्या. हे त्यांना कुणी शिकवलं? नवरा तर गेलाच, पण बाबांच्या घटनेवरचा त्यांचा विश्वासही मी नेला. याचं मला जास्त रडू येतं.

मागच्या उन्हाळ्यात त्यांची नात प्रज्ञा त्यांना घेऊन माझ्याकडे आली. ती नांदेडला वकिली शिकते. वहिनी पार थकलेल्या. पोरीनं चहा खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "आजोबा, त्या निकालाच्या आधी हायकोर्टं अर्ज ऐकत होती ना? मग आमच्या आजोबांचा काहून न्हाई केला?"

तेव्हासारखी भीती आता कसली? कायदाही बदललाय. जगण्याच्या हक्कासाठी आणीबाणीतही कोर्टात जाता येतं, ही वाट आता कुणाला अडवता येत नाही. या वयात मला कोण उचलणार होतं? वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आपल्याकडं न्हवतं तसं, बाळा," मी म्हणालो. "तुझ्या आजीला इचार."

वहिनींनी नातीच्या हातावर हात ठेवला. "त्यायला काहून तकलीफ देऊन राहिलीस? तेवढे एकच खरं बोलले व्हते आमच्याशी."

माझी नजर चहाच्या कपावर.

वहिनी या हिवाळ्यात गेल्या — तेच खरं मानून. अर्ज करता येत होता. मला माहीत होतं.